मुन्शीनं न वाचलेलं पत्र

धोंडप्पांकडे बायकोची बेचाळीस पत्रं होती. एक्केचाळीस त्यांना जवळजवळ पाठ होती. बेचाळिसावं त्यांनी एकदाही वाचलं नव्हतं.

एक्केचाळीस पत्रं बिस्किटांच्या जुन्या डब्यात होती. बेचाळिसावं बंडीच्या आतल्या खिशात, मापाडीच्या परवान्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात. लातूरच्या अडत बाजारात धोंडप्पांनी त्रेचाळीस वर्षं काट्यावर धान्य तोललं. परवान्याची मुदत संपून जमाना झाला होता, पण पाकीट त्यांनी टाकलं नाही. आंघोळीच्या वेळी ते तेवढं हातात धरून बसत. सून मंजुश्री म्हणायची, मामांना वाटतं अजून बाजारातून बोलावणं येईल.

चार वर्षांपूर्वी नजर गेली. सगळी नाही गेली. मधोमध काळा डाग बसला आणि कडेनं उजेड राहिला. समोर कुणी आलं की धोंडप्पा दाराच्या चौकटीकडे बघत. मग त्या माणसाचा कान, कोपर, पदराचा काठ, असं काहीतरी हाती लागे. त्याची त्यांना सवय झाली. डोळे गेले तेव्हा ते घाबरले नाहीत. पण यंदा डावा कान पुरता बंद झाला आणि उजव्यातही पाणी गेल्यासारखं वाटायला लागलं. डॉक्टरनं मशीन दिलं. ते ऐकवायचं कमी आणि शिट्टी जास्त मारायचं. तेव्हा मात्र धोंडप्पा घाबरले. पत्र आपल्याला वाचता येत नाही हे त्यांनी तीस वर्षं सोसलं होतं. पण उद्या कुणी वाचून दाखवलं आणि ऐकूच आलं नाही तर?

तसं बघितलं तर अवघड काहीच नव्हतं. ते पत्र मराठीत होतं. चौथीतल्या पोरानंही घडाघडा वाचलं असतं. घरात मुलगा उमाशंकर होता, सून होती, गल्लीभर शिकलेली माणसं होती. अडचण तीच होती. ते पत्र कुणालाही वाचता आलं असतं.

डब्यातल्या एक्केचाळीस पत्रांचं उलटं होतं. ती कुणालाच वाचता येत नव्हती.

*

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी सुकन्या नांदेडची. मराठीत एम. ए. झालेली, उदगीरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी. बोलायला कमी. जिन्यावरून उतरताना रोज विचारायची, अज्जा, जेवलात का. धोंडप्पा म्हणायचे, जेवलो मॅडम, तुमचं काय. एवढीच ओळख.

ऑगस्टमध्ये ती छापील प्रश्नांचा कागद घेऊन त्यांच्यापुढे बसली. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, कॉलेज एक पुस्तिका काढणार होतं. निजामाचं राज्य बघितलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती. धोंडप्पांना शहाऐंशी चालू होतं.

तिनं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग विचारलं, "जन्माचा जिल्हा?"

"कंच्या सालातला लिवणार?"

"अज्जा, जन्म एकदाच होतो की."

"जन्म एकदाच. जिल्ह्याचं तसं न्हाई. जन्मलो तवा उदगीर बिदर जिल्ह्यात. लगीन झालं तवाबी बिदर. उमाशंकर झाला तवा उस्मानाबाद. नातू झाला तवा लातूर. आता ही पोरं म्हणून राहिलीत, उदगीरच जिल्हा करा." त्यांनी हातानं भिंत थोपटली. "घर हितंच हाय. एक दगड सुदिक हलला न्हाई."

सुकन्यानं तिन्ही जिल्हे लिहिले. पेन तीनदा थांबलेलं त्यांना कडेच्या उजेडात दिसलं. ही पोरगी खोडत नाही, हे त्यांनी मनात नोंदवलं.

मग ती रोज संध्याकाळी यायला लागली. छापील कागद दुसऱ्याच दिवशी मागं राहिला. धोंडप्पा सांगत गेले. त्यांची बायको कमलम्मा भालकीकडची. लग्नात वऱ्हाड बैलगाड्यांनी आलं, हैदराबाद राज्यातून हैदराबाद राज्यात. पुढं दीड वर्षात भाषांप्रमाणे राज्यं पडली. भालकी म्हैसुरात गेली, उदगीर मुंबई राज्यात आलं. कमलम्माचा बाप म्हणायचा, पोरगी दिली शेजारच्या गावात आणि गेली परमुलखात. घरात नवरा-बायको कानडीत बोलायचे, दारात मराठीत, बाजारात दखनीत. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मराठी शाळेतून शिकून आलेल्या मुलांना वाटायला लागलं. उमाशंकर लहानपणी आईला म्हणायचा, बाहेर कानडीत हाक मारू नको.

"आणि शाळा?" सुकन्यानं विचारलं.

त्या दिवशी धोंडप्पांनी तेही सांगितलं. 

निजामाच्या राज्यात प्राथमिक शाळेला तहतानिया म्हणायचे. त्यांच्या शाळेत सगळं उर्दूत चाले. धोंडप्पा वाण्याचं पोर, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि उर्दूत पहिला नंबर. त्याचं अक्षर इतकं देखणं की मौलवीसाहेबांनी स्वतःचा बोरू त्याला दिला. अठ्ठेचाळीस साल आलं. रझाकारांच्या भीतीनं बाप कित्येक दिवस रानात लपून होता. सप्टेंबरात फौज आली आणि राज्य गेलं. बाप घरी आला, उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, सुटलो. गावात गूळ वाटला. धोंडप्पानं दोनदा घेतला.

काही महिन्यांनी शाळा उघडली. मौलवीसाहेब नव्हते. सोलापूरकडचे नवे मास्तर आले होते. सगळी मुलं फळ्याकडे बघत बसली. दहा वर्षांचा धोंडप्पा फळ्याच्या उजव्या कडेकडे बघत होता. अक्षर तिथून निघतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. मास्तरांनी डाव्या कडेला खडू टेकवला.

"म्हंजे कसं सांगू," धोंडप्पा म्हणाले. "समदा गाव सुटला होता. बाप सुटला होता. ते खरंच हाय, लई वंगाळ दिवस होते ते. मग त्या आनंदात कुणाला सांगायचं, का माझी अक्षरं गेली?"

पहिल्या नंबरचा पोरगा शेवटच्या रांगेत गेला. दुसऱ्या वर्षी बापानं त्याला बैलांमागं धाडलं. तो रडला नाही. उलट त्याला बरं वाटलं, असं ते म्हणाले.

सुकन्याच्या हातातलं पेन केव्हाच थांबलं होतं. तिनं विचारलं, "मग मराठी कधी शिकलात?"

धोंडप्पांनी चौकटीकडे बघितलं. तिचा कान दिसला, त्यातलं छोटं कुडं दिसलं. ते म्हणाले, "चा घेणार का, मॅडम?"

*

पुस्तिका निघाली. त्यात धोंडप्पांवर दीड पान होतं. तीन जिल्ह्यांची गोष्ट होती, मौलवीसाहेबांचा बोरू होता. प्रश्नाचं जे उत्तर मिळालं नव्हतं, ते तिनं बनवून लिहिलं नव्हतं. मंजुश्रीनं ते दीड पान त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. धोंडप्पांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सुकन्याला जिन्यातच अडवलं.

"तुझं काम झालं. आता माझं एक हाय."

त्यांनी बिस्किटांचा डबा पुढं केला. पत्रं वाचून पाहिजेत. पण अक्षरं उर्दू आहेत आणि बोली कानडी. उर्दू वाचणारं माणूस शोधून आण, आणि त्याला कानडी येता कामा नये.

सुकन्याला आधी कळेना. मग कळलं, आणि ती तिथंच पायरीवर बसली.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात धोंडप्पा लातूरला मापाडी म्हणून जायचे ठरले. महिन्याकाठी अमावस्येला अडत बंद, तेवढं एकदा घरी येणं. नव्या नवरीला पत्र लिहायचं तर तिला वाचता यायला हवं. तिला एकही अक्षर येत नव्हतं आणि त्यांना फक्त गेलेल्या राज्याची अक्षरं येत होती. मग काय करणार. चुलीपुढं बसून परातीतल्या ज्वारीच्या पिठात त्यांनी बोटानं एक उभी रेघ ओढली.

"हे काय?" कमलम्मानं विचारलं.

"अलिफ."

"ही तर रेघ हाय. ही मलाबी येती."

दोन हिवाळ्यांत ती शिकली. अक्षर तिचं काही देखणं झालं नाही, पण लिहायला लागली. बसच्या कंडक्टराच्या हाती पत्र यायचं. सासूनं एकदा तिला लिहिताना पाहिलं आणि गल्लीत सांगून आली, की आमची सून उलटं लिहिते, काही करणी-बिरणी करते की काय. घरात दुसऱ्या कुणाला ते वाचता येईना. दोघांना तेच हवं होतं.

सुकन्यानं उर्दू शाळेतल्या एका शिक्षिकेला आणलं. तहसीन तिचं नाव, तिशीच्या आतली. रविवारी दुपारी ती आली, धोंडप्पांच्या उजव्या कानाशी खुर्ची ओढून बसली. पहिलं पत्र उलगडलं, दोन ओळी मनातल्या मनात वाचल्या आणि चष्मा वर केला.

"दादा, हुरूफ उर्दू के हैं. बात किसकी है?"

"बात घरकी है," धोंडप्पा म्हणाले. "आप सिर्फ पढ़ो."

ती वाचू लागली. एकेक अक्षर उचलायचं, शेजारच्याला जोडायचं, आवाज काढायचा. अर्थ काही नाही. खडी फोडल्यासारखं चाललं होतं. मध्येच ती अडली, पुन्हा मागं गेली. धोंडप्पा मान पुढं करून ऐकत होते, आणि एका ओळीला त्यांच्या तोंडून तिच्याआधीच शब्द निघाला.

"यावाग बरतीरी," ते म्हणाले.

तहसीननं पत्रात बघितलं. तेच होतं. "मतलब?"

"मतलब माझ्यापाशी हाय."

केव्हा येणार, असं कमलम्मानं विचारलं होतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी हेच असायचं, आणि सुरुवातीला, शरणु शरणार्थी असा नमस्कार आणि जेवण झालं का. मध्ये मग सगळं जग. बहात्तरच्या दुष्काळात सुकडीसाठी लागलेली रांग. उमाशंकरचा दात. सासूनं मरताना तिचा धरलेला हात. तहसीनच्या तोंडून ते फक्त आवाज होऊन बाहेर पडायचं, आणि धोंडप्पांच्या कानात शिरेपर्यंत कमलम्मा होऊन जायचं. कधी ते हसायचे. कधी हात वर करून थांबवायचे. दोन्ही पोरी मग खालमानेनं बसून राहायच्या.

"मैं पढ़ रही हूँ और समझ आप रहे हैं," तहसीन निघताना म्हणाली. "ऐसा कभी नहीं हुआ, दादा."

असे चार रविवार झाले. सुकन्या प्रत्येक वेळी होती. चहा करायची, पत्रांच्या घड्या जशा होत्या तशा घालून ठेवायची. तिनं एकदाही अर्थ विचारला नाही. तिसऱ्या रविवारी धोंडप्पांनीच मुद्दाम विचारलं, का गं, वहीत काही लिहिलंस का नाही.

"नाही, अज्जा. ते तुमचं आहे."

धोंडप्पांचा हात नकळत बंडीच्या खिशावर गेला.

*

चौथ्या रविवारी शेवटचं, एक्केचाळिसावं पत्र वाचून झालं. ते चौऱ्याण्णव सालचं होतं, किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पावसाळ्यातलं. गल्लीत बायांसाठी दुपारची साक्षरता शाळा निघाली आहे, असं कमलम्मानं कळवलं होतं. सगळ्या जातात. मी जाऊ का?

तहसीन गेली. धोंडप्पा डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. पुढचं त्यांना कुणी वाचून दाखवायला नको होतं.

त्यांनी उत्तर पाठवलं होतं, जा, सहीपुरतं शीक. त्यांना वाटलं होतं, बायका चार दिवस जातील आणि बंद करतील.

लातुरात तोवर त्यांचं नाव मुन्शी पडून कित्येक वर्षं झाली होती. हैदराबादहून येणारं उर्दू वर्तमानपत्र ते चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवायचे. दगडोबा हमाल नव्या माणसाला सांगायचा, आमचा मुन्शी लई शिकलेला, बादशाही अक्षर येतं त्याला. आकडे त्यांना कोणतेही यायचे, त्यामुळे काट्यावर कधी काही अडलं नाही. पण कुणी मराठी अर्ज, लग्नपत्रिका, कोर्टाचा कागद घेऊन आलं की मुन्शी खिसे चाचपायचे आणि म्हणायचे, चष्मा घरी राहिला. चाळीस वर्षं त्यांचा चष्मा घरीच राहिला.

त्या मार्गशीर्षात दुकानावर निळं आंतर्देशीय पत्र आलं. टपालानं. कंडक्टराच्या हाती नव्हे. धोंडप्पांनी पोत्यांच्या आड जाऊन ते उघडलं. डावीकडून उजवीकडे गेलेल्या ओळी. मोठी मोठी, एकमेकांना न टेकणारी अक्षरं, वर ओढलेल्या रेघा जागोजागी तुटलेल्या. तळाशी तिचं नाव असावं. त्याच्यापुढं त्यांचं होतं. सहीपुरतं त्यांनाही येत होतं, त्यामुळे ते ओळखू आलं.

दगडोबाला वाचायला दिलं असतं तर मुन्शी तिथंच मेला असता. त्यांनी ते परवान्याच्या पाकिटात घातलं.

आठ दिवसांनी येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे लातूर भागात सगळ्यात मोठा सण. गावंच्या गावं शेतात जेवायला जातात, रस्त्यावर चिटपाखरू राहत नाही. धोंडप्पा घरी आले. भावाच्या शेतात, कडब्याच्या पेंढ्या रचून केलेल्या कोपीपाशी, सगळी पंगत उठल्यावर कमलम्मा त्यांच्या पेल्यात आंबील ओतत होती. ओतता ओतता हळू आवाजात तिनं विचारलं, पत्र मिळालं का?

"हाव."

"वाचलं?"

तिचा चेहरा तेव्हा त्यांना पूर्ण दिसत होता. डोळ्यांत हसू दाबून धरलेलं होतं. पोरी लपंडावात दाबून धरतात तसं. ते हसू कशाचं, हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

"वाचलं," ते म्हणाले.

आंबिलीची धार थांबली. हसू गेलं. ती एवढंच म्हणाली, "बरं." आणि मडकं उचलून पुढच्या माणसाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेळ्या राखणाऱ्या शेजारच्या पोरीला एक पाटी देऊन टाकली. नवी कोरी, लाकडी चौकटीची. कुठली, म्हणून त्यांनी विचारलं. जास्तीची होती, ती म्हणाली.

त्यानंतर तिनं त्यांना पत्र लिहिलं नाही. उर्दूतही नाही.

काय होतं त्यात? धोंडप्पांनी तीस वर्षं हजार गोष्टी कल्पून बघितल्या. काही मागितलं असेल. मला लातूरला न्या, म्हणाली असेल. दुखणं कळवलं असेल आणि आपण नुसतं वाचलं म्हणून बसलो. दोन हजार साली ते काम सोडून घरी आले. अकरा वर्षं एका छताखाली राहिले. रोज सकाळी ती पेपर घेऊन त्यांच्या शेजारी बसायची आणि मोठ्यानं वाचायची, ओळीखालून सावकाश बोट फिरवत. जणू कुणाला दाखवायचंच आहे. धोंडप्पा खिडकीबाहेर बघायचे. त्या अकरा वर्षांत रोज विचारता आलं असतं. दोन हजार अकरा साली ती गेली.

*

यंदाची येळवस डिसेंबरच्या अखेरीस आली. मंजुश्रीनं पहाटे उठून येळवशीची मिश्र भाजी, भज्जी, रांधली, आंबिलीची मडकी गाडीत ठेवली. उमाशंकर म्हणाला, अप्पा, गाडी शेताच्या बांधापर्यंत जाते, चला. धोंडप्पांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. नांदेडकडे हा सण नाही, सुकन्याला सुट्टी होती पण जायचं कुठं नव्हतं. ती म्हणाली, मी थांबते अज्जांपाशी. मंजुश्रीनं दोघांपुरतं झाकून ठेवलं आणि बजावलं, मामांना आंबील फार देऊ नको, खोकला येतो.

दहा वाजता गल्ली रिकामी झाली. कुत्र्याच्या भुंकण्याचाही आवाज नव्हता. का आता कान तेवढंही ऐकत नव्हते, कुणास ठाऊक.

धोंडप्पा म्हणाले, दार लोट.

त्यांनी बंडीत हात घातला. पाकीट काढलं. परवान्याच्या मागून निळा कागद काढताना त्याच्या घडीवर चीर गेली. बोटांना ते कळलं.

"हे मराठी हाय. तुला येतंय."

सुकन्यानं कागद घेतला. तारीख बघितली असावी. "अज्जा, हे कुणी वाचलंय आधी?"

"न्हाई."

तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही. खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला घेतली, इतकी जवळ की तिच्या केसांतल्या तेलाचा वास आला. धोंडप्पांनी मशीन कानात नीट बसवलं. त्यानं शिट्टी मारली. दोघं ती थांबेपर्यंत थांबले.

मग ती वाचू लागली. सावकाश, एकेक शब्द सुटा.

"शरणु शरणार्थी. मी कमलम्मा. हे पत्र मी माझ्या हाताने लिहिले. बाईंनी फक्त पत्ता लिहिला. घरी सगळे खुशाल. काळी शेळी व्याली. दोन पिलं आहेत.

"हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. मला माहीत आहे. चाळीस वर्षं माहीत आहे. तुम्ही बसची पाटी वाचत नाही. कंडक्टरला विचारता. तुमचा चष्मा घरी नाही. मी सगळं घर शोधले.

"पत्र कुणाला वाचायला देऊ नका. तसंच ठेवा. येळवशीला याल तेव्हा मला म्हणा, वाचता आलं नाही, काय लिहिलं आहे सांग. मग मी वाचून दाखवीन. मग मी शिकवीन. सोपं आहे. डावीकडून लिहायचे. तुम्ही मला शिकवले तेव्हा मी खूप चुकले. तुम्ही हसला नाही. मी पण हसणार नाही.

"पाट्या दोन आणल्या आहेत.

"तुमची, कमलम्मा धोंडप्पा."

सुकन्या थांबली. कागद तिनं मांडीवर सरळ केला, तेवढा आवाज मशीननं धोंडप्पांना ऐकवला.

ते चौकटीकडे बघत नव्हते. सरळ समोर बघत होते, जिथं काळा डाग होता.

"दोन?" त्यांनी विचारलं.

"हो, अज्जा. दोन."

धोंडप्पांनी मान हलवली. पत्र कुणालाही दाखवायचं नाही, हे एक त्यांनी पाळलं होतं. न वाचताच पाळलं होतं. नेमकं तेवढंच.

 झाकलेल्या आंबिलीचा आंबूस वास खोलीत पसरला होता. शेतात आता पंगती बसल्या असतील. कोपीपुढं पूजा झाली असेल, कुणीतरी पेल्यात आंबील ओतत असेल. धोंडप्पांनी हात गुडघ्यांवर ठेवले, घसा साफ केला. मौलवीसाहेबांनी नाव पुकारल्यावर ते उभे राहायचे, तशी त्यांची पाठ ताठ झाली.

"ओदाक बरलिल्ला, कमळा," ते म्हणाले. वाचता आलं नाही. मग तिच्याच बोलीत, त्याच हळू आवाजात त्यांनी पुढचंही विचारलं. काय लिहिलं आहेस, सांग.

सुकन्याला कानडी येत नव्हती. तिनं चिरलेली घडी तळहातावर धरली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.

"शरणु शरणार्थी. मी कमलम्मा."